राग मोठा ठेव, प्रश्न लहान कर

अगं, तिसरं वर्ष संपत आलं आणि क्रिमिनॉलॉजीत ऑनर्सचं वर्ष करायचं की नाही, या विचारानं तुझी झोप उडालीय, असं मावशीकडून, म्हणजे तुझ्या आईकडून कळलं. मावशीचं म्हणणं सरळ आहे: पदवी मिळतेच आहे, मग आणखी एक वर्ष कशासाठी? तुझी काळजी निराळी आहे: हे आपल्याला झेपेल का? मी हे वर्ष इथंच, मेलबर्नमध्ये केलंय आणि आज कामही गुन्हे-न्यायाच्या धोरणांवरच करते. तेव्हा दोघींनाही एकदाच आणि नीट उत्तर देते.

आधी मावशीचं बघू, कारण त्यात पैशाचा भाग आहे आणि तो टाळून चालणार नाही. ऑस्ट्रेलियात ऑनर्स म्हणजे तीन वर्षांच्या पदवीनंतरचं वेगळं चौथं वर्ष. फेब्रुवारी-मार्चमध्ये सुरू होतं, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये संपतं. थोडा वेळ वर्गात जातो: संशोधनाच्या पद्धती, गुन्ह्यामागच्या कारणांचे सिद्धांत. बाकी सगळं वर्ष एका प्रबंधाचं. शब्दमर्यादा विद्यापीठागणिक बदलते, पण साधारण १०,००० ते २०,००० शब्दांमध्ये असते. बहुतेक ठिकाणी ८० किंवा त्याहून जास्त गुण मिळाले की प्रथम श्रेणी, आणि ती असली की मास्टर्स न करता थेट पीएच.डी.साठी अर्ज करता येतो. सरकारच्या आरटीपी शिष्यवृत्तीच्या चुरशीतही तीच श्रेणी उपयोगी पडते, आणि ही शिष्यवृत्ती परदेशी विद्यार्थ्यांनाही मिळू शकते.

आता दुसरी बाजू. शिक्षा भोगणाऱ्या लोकांवर तुरुंगाबाहेर देखरेख ठेवणाऱ्या कम्युनिटी करेक्शन्समध्ये जायचं असेल, अल्पवयीन मुलांबरोबर युथ जस्टिसमध्ये काम करायचं असेल किंवा गुन्ह्याला बळी पडलेल्यांना आधार देणाऱ्या संस्थेत जायचं असेल, तर सुरुवात करायला तीन वर्षांची पदवी पुरते. तिथं तुझा स्वभाव, अनुभव आणि माणसांशी बोलण्याची हातोटी जास्त बघतात. ऑनर्सची खरी किंमत संशोधनात, धोरणं आखण्याच्या कामात, आकडेवारीच्या विश्लेषणात आणि पुढच्या पीएच.डी.त आहे. यातलं काहीच करायचं नसेल, तर हे वर्ष घेऊ नकोस, आणि न घेतल्याचं वाईटही वाटून घेऊ नकोस. तू विद्यार्थी व्हिसावर आहेस. म्हणजे या वर्षाची पूर्ण फी एकतर काकांच्या बचतीतून जाणार किंवा कर्जात भर पडणार, आणि सत्र चालू असताना पंधरवड्याला ४८ तासांपेक्षा जास्त काम करता येणार नाही. घरभाडं, खाणं, प्रवास, फी हे सगळं कागदावर मांड आणि काका-मावशींना दाखव. हे वर्ष नोकरी हमखास मिळवून देईल असं त्यांना सांगू नकोस. ते कशाचं दार उघडतं आणि कशाचं नाही, तेवढंच सांग. आपल्या घरच्यांना खरं सांगितलं की ते ऐकतात, हा माझा विश्वास आहे.

हिशेब जुळला असं धरून तुझ्या काळजीकडे येते. हे वर्ष झेपणं हुशारीपेक्षा तू प्रश्न कोणता विचारतेस यावर जास्त ठरतं. तू मला विषय पाठवलास: ‘ऑस्ट्रेलियाची न्यायव्यवस्था वर्णद्वेषी आहे का?’ वाचून मला बरं वाटलं, कारण त्यात तुझा राग दिसला. तो राग जप. अन्याय पाहून ज्याच्या मनात काही हलत नाही, त्यानं या विषयात वर्ष घालवू नये. पण राग जितका मोठा, तितका प्रश्न लहान करावा लागतो. हे एवढंच मला तुला सांगायचं आहे. खालचं सगळं त्याचंच स्पष्टीकरण आहे.

तुझा राग कुठून येतो ते मला कळतं. ३० जून २०२४ रोजी ऑस्ट्रेलियाच्या तुरुंगांत सुमारे ४४,४०० माणसं होती. त्यांतली ३६ टक्के ॲबोरिजिनल आणि टोरेस स्ट्रेट बेटांवरची, म्हणजे या भूमीची मूळ माणसं. देशाच्या लोकसंख्येत त्यांचा वाटा चार टक्क्यांहूनही कमी आहे. हे आकडे वाचून कुणालाही वाटेल की आता आणखी काय सिद्ध करायचं राहिलं? पण याच माणसांबद्दल नेमलेल्या रॉयल कमिशननं काय केलं ते बघ. कोठडीत आणि तुरुंगात झालेल्या मूळ रहिवाशांच्या मृत्यूंची चौकशी करायला १९८७ मध्ये हा आयोग बसला. त्यानं ९९ मृत्यू तपासले आणि १९९१ मध्ये ३३९ शिफारशी केल्या. त्या वेळी सर्वसाधारण समज असा होता की कोठडीत गेलेला मूळ रहिवासी इतर कैद्यांपेक्षा जास्त प्रमाणात मरतो. आयोगानं दोन प्रमाणं वेगवेगळी काढली. आत असलेल्या माणसांपैकी किती दगावले, हे पाहिलं तर मूळ रहिवाशांचं प्रमाण इतरांहून जास्त नव्हतं. लोकसंख्येच्या मानानं किती जणांना आत टाकलं जातं, हे पाहिलं तर फरक प्रचंड निघाला. म्हणजे मरणारे इतके दिसत होते, कारण आत नेले जाणारेच इतके होते. आयोगानं आतली हयगयही झाकली नाही. देखभालीत कसूर झाल्याचं त्यानं नोंदवलं. पण सगळ्यांचं लक्ष त्यानं एक पायरी अलीकडे आणलं: या माणसांना मुळात कोठडीत नेतातच का?

त्या ३३९ शिफारशींतली एक फार छोटी होती: सार्वजनिक ठिकाणी नशेत असणं हा गुन्हा मानू नका. व्हिक्टोरिया राज्यानं ते कलम तसंच ठेवलं. डिसेंबर २०१७ मध्ये मूळ रहिवाशांच्या योर्टा योर्टा समाजातल्या तान्या डे मेलबर्नला येणाऱ्या आगगाडीत झोपल्या होत्या. कासलमेन स्थानकावर त्यांना उतरवून याच कलमाखाली कोठडीत ठेवलं गेलं. तिथं पडून त्यांच्या डोक्याला मार लागला आणि पुढे त्यांचा मृत्यू झाला. त्यांच्या मुलांनी लढा दिला आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये ते कलम एकदाचं गेलं. १९९१ ची शिफारस अमलात यायला बत्तीस वर्षं लागली. आता सांग, ‘न्यायव्यवस्था वर्णद्वेषी आहे का’ या प्रश्नाला एका प्रबंधात उत्तर देता येईल? ‘हे एक कलम बत्तीस वर्षं का टिकलं, विधिमंडळातल्या चर्चांत त्याच्या बाजूनं कोणती कारणं दिली गेली’ या प्रश्नाला मात्र देता येईल. विधिमंडळाचं कामकाज छापील असतं, कुणालाही वाचता येतं. राग तोच आहे, फक्त आता त्याला हाताला लागेल असं काम मिळालं.

आणखी एक उदाहरण आपल्या माणसांचंच देते. २००९ मध्ये तू अगदी लहान होतीस. मेलबर्नमध्ये भारतीय विद्यार्थ्यांवर हल्ले होत असल्याच्या बातम्या तेव्हा भारतातल्या वर्तमानपत्रांत पहिल्या पानावर होत्या, आणि ज्यांची मुलं इथं होती ते आईबाप धास्तावले होते. सगळे एकच विचारत होते: हे वर्णद्वेषातून होतंय का? ऑस्ट्रेलियन इन्स्टिट्यूट ऑफ क्रिमिनॉलॉजी या सरकारी संस्थेनं त्यावर २०११ मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. २००५ ते २००९ या काळात भारतासह पाच देशांतून आलेल्या चार लाखांहून जास्त विद्यार्थ्यांच्या नोंदी पोलिसांकडच्या नोंदींशी ताडून पाहिल्या. मारहाणीच्या बाबतीत भारतीय विद्यार्थी सरासरीपेक्षा जास्त भोगत होते असं दिसलं नाही. लुटले जाण्याचं प्रमाण मात्र मोठ्या राज्यांत सरासरीपेक्षा जास्त होतं. रात्री उघडी राहणारी दुकानं, पेट्रोल पंप, टॅक्सी, उशिराची लोकल, असं त्यांचं आयुष्य या जोखमीला जोडलेलं होतं. आणि ज्या प्रश्नासाठी सगळं सुरू झालं, त्याचं उत्तर या नोंदींतून देता आलं नाही, कारण हल्ला करणाऱ्याच्या मनात काय होतं ते पोलिसांच्या नोंदीत त्या रीतीनं टिपलेलंच नव्हतं. वर्णद्वेष नव्हता, असा याचा अर्थ होत नाही. त्या कागदांना तो प्रश्न विचारता येत नव्हता, इतकाच होतो.

म्हणून कुठलीही आकडेवारी हातात घेतलीस की आधी विचार: हे कुणी लिहिलं, कशासाठी लिहिलं, आणि काय लिहायचं सोडलं? पोलिसांचा आकडा हा पोलिसांपर्यंत पोचलेल्या गुन्ह्यांचा असतो. घरातली मारहाण, लैंगिक अत्याचार यांतलं बरंच तिथं कधी पोचतच नाही. म्हणून इथल्या सांख्यिकी विभागाचं, एबीएसचं, एक वेगळं सर्वेक्षण असतं, ज्यात थेट लोकांनाच विचारतात: गेल्या वर्षभरात तुमच्यावर असं काही गुदरलं का, आणि तुम्ही तक्रार केलीत का? दोन्ही आकडे शेजारी ठेवले की मधली दरी दिसते, आणि पुष्कळदा प्रबंधाचा खरा प्रश्न त्या दरीतच असतो.

आता तुझा प्रश्न लहान कसा करायचा ते करून दाखवते. हुंड्यावर काहीतरी करायचं, असंही तू एकदा म्हणाली होतीस. चांगला विषय आहे, आणि इथं तो जिवंत आहे. व्हिक्टोरियानं कौटुंबिक हिंसेच्या कायद्यात दुरुस्ती करून हुंड्यासाठीचा छळ हे हिंसेचं उदाहरण म्हणून स्पष्ट शब्दांत घातलं. ते २०१९ पासून लागू आहे. ‘ऑस्ट्रेलियातल्या भारतीय समाजातला हुंडा’ असा विषय घेतलास तर बुडशील. ‘मेलबर्नमधल्या विवाहित भारतीय स्त्रियांचे हुंड्याचे अनुभव’ असा घेतलास तर मुलाखती आल्या, परवानग्या आल्या, आणि एका वर्षात ते मार्गी लागणं अवघड. पण असा घे: ‘कुटुंब न्यायालयाच्या प्रकाशित निकालांत हुंड्याच्या मागणीकडे न्यायाधीश हिंसा म्हणून पाहतात की पैशांचा वाद म्हणून?’ हे निकाल ऑस्टली या मोफत संकेतस्थळावर आहेत, आणि पक्षकारांची नावं बदलून छापलेले आहेत. शब्द टाकून शोध, काय मिळतं ते बघ, कोणत्या तारखेला काय शोधलंस त्याची नोंद ठेव. आधी मोजकेच निकाल बारकाईनं वाच. तीनच सापडले तर प्रश्न थोडा रुंद कर, तीनशे सापडले तर वर्षांची मर्यादा घाल. एक सावधगिरी मात्र बाळग: कौटुंबिक हिंसेचा कायदा राज्याचा आहे आणि कुटुंब न्यायालय केंद्राच्या कायद्यावर चालतं. या दोन्हींची गल्लत झाली तर परीक्षक पहिल्या पानावरच थांबेल.

मुलाखती घेऊच नकोस असं मी म्हणत नाही. पण त्याआधी परवानगीचा मार्ग समजून घे. माणसांवरच्या प्रत्येक संशोधनाला इथं नॅशनल स्टेटमेंट नावाची राष्ट्रीय संहिता लागू होते, आणि विद्यापीठाच्या नीतिसमितीची मंजुरी लागते. कैदी, अठरा वर्षांखालची मुलं, कायद्याच्या कचाट्यात सापडलेली माणसं यांच्याशी बोलायचं तर छाननी कडक असते. व्हिक्टोरियातल्या तुरुंगांत जायचं तर न्याय खात्याच्या स्वतंत्र समितीचीही मंजुरी हवी. मूळ रहिवाशांवर काम करायचं तर २०२० ची एआयएटीएसआयएस संहिता सांगते की त्या समाजाला विचारून, त्यांच्याबरोबर काम करा. त्यांच्यावर करू नका. हे सगळं व्हायला महिने लागतात आणि तुझ्याकडे महिनेच आहेत. म्हणून ऑनर्समधले बरेच जण निकाल, अहवाल, विधिमंडळातल्या चर्चा, बातम्या, तयार आकडेवारी यांवर काम करतात. त्यात कमीपणा अजिबात नाही. कागदांवरचं काम प्रामाणिकपणे केलं तर ते घाईत घेतलेल्या आठ-दहा मुलाखतींपेक्षा पुष्कळ पुढं जातं.

आणि आपल्या समाजाबद्दल एक गोष्ट, जी विद्यापीठातलं कुणी तुला सांगणार नाही. इथला मराठी समाज लहान आहे. गणपतीत, दिवाळीच्या कार्यक्रमात, मुलांच्या मराठी शाळेत तीच घरं भेटतात. तुझ्या प्रबंधात ‘पश्चिम उपनगरात राहणारी, दोन मुलांची आई, परिचारिका, नागपूरची’ एवढं आलं तरी ती कोण हे पन्नास जण ओळखतील, आणि त्यांत तिच्या नवऱ्याचे मित्रही असतील. तू नाव बदललंस यानं तिचं रक्षण होत नाही. म्हणून आपल्याच लोकांत काम करायचं असेल तर आधी त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या वकील, समाजसेविका, दुभाषी यांच्याशी बोल. पीडित बाईपर्यंत जायचंच असेल तर ती सुरक्षित आहे का आणि बोलून झाल्यावर तिच्या सोबत कोण असेल, याचं उत्तर आधी तुझ्याजवळ हवं. ‘मी पण मराठी आहे, ती मला सगळं सांगेल’ हे खरं आहे. नेमकं म्हणूनच जास्त जपायचं. ती तुला बहीण समजून सांगेल, विद्यार्थिनी समजून नाही. त्यातलं काय छापायचं, हे ठरवताना तिला बहिणीसारखंच वागव.

मराठी असण्यानं तुझ्याजवळ आणखी एक शिदोरी आहे, ती वर्गात उघड. इथं पहिल्या वर्षापासून अमेरिकेतली नाहीतर इंग्लंडमधली पुस्तकं शिकवतात, आणि सिद्धांत तिकडचे, उदाहरणं तिकडची अशी सवय लागते. केरी कॅरिंग्टन, रसेल हॉग आणि मॅक्सिमो सोझो यांनी २०१६ मध्ये एका लेखात याच सवयीला हात घातला आणि सदर्न क्रिमिनॉलॉजी नावाची मांडणी पुढं आणली. दक्षिणेकडच्या, वसाहती भोगलेल्या देशांतलं ज्ञानही या शास्त्रात आलं पाहिजे, असा तिचा आग्रह आहे. आता आपल्याकडं बघ. इंग्रजांनी १८७१ मध्ये क्रिमिनल ट्राइब्ज ॲक्ट आणला आणि जन्मावरून माणसं गुन्हेगार ठरवली. सोलापुरात काटेरी तारांच्या आड सेटलमेंट होती, जिथं हजेरी द्यावी लागे. तो शिक्का कायद्यानं पुसला गेला ३१ ऑगस्ट १९५२ ला. लक्ष्मण गायकवाडांनी ‘उचल्या’मध्ये दाखवलं की कायदा गेला तरी पोलिसांची आणि गावाची नजर कशी राहते. इथल्या मूळ रहिवाशांवर सतत राहणाऱ्या पोलिसी नजरेबद्दल वाचताना तुला ते आठवलं असणार. ते टिपून ठेव. दोन्हीकडचा इतिहास सारखाच आहे असं म्हणू नकोस, तो तसा नाही. पण एकाच साम्राज्याच्या हद्दीत पोलीसगिरी कशी घडली, हे विचारायचा तुला हक्क आहे.

आणि आपल्याकडं फक्त अन्यायच झाला असंही नाही. आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरला औंध संस्थानानं १९३९ मध्ये भिंतींशिवायचा तुरुंग उभारला, शिक्षा झालेल्यांना शेती कसायला दिली. व्ही. शांतारामांचा १९५७ चा ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट त्याच प्रयोगावरून सुचला. इकडे ऑस्ट्रेलियात जॉन ब्रेथवेट यांनी १९८९ च्या त्यांच्या गाजलेल्या पुस्तकात मांडलं की कृत्याचा निषेध करून माणसाला परत समाजात घेतलं तर गुन्हा कमी होतो, आणि माणसावरच कायमचा शिक्का मारला तर वाढतो. तुरुंगातून सुटलेल्यांवर लिहायचं ठरवलंस तर ब्रेथवेट वाच आणि स्वतंत्रपूरही शोध. सिद्धांत एकच घे आणि तो शेवटपर्यंत सोडू नकोस. चार सिद्धांत घेतलेस तर पानं भरतील, विचार विखुरेल.

मार्गदर्शक निवडताना विषयापेक्षा माणूस बघ. ज्यांच्याकडे जायचं त्यांचे दोन-तीन लेख आधी वाच. मग छोटा ईमेल कर: मी कोण, माझा प्रश्न एका वाक्यात, आणि तो तुमच्या कोणत्या लेखातून सुचला. भेट झाली की संकोच न करता विचार: यंदा तुमच्याकडे किती विद्यार्थी असतील? किती दिवसांनी भेटाल? वर्षाच्या मध्ये रजेवर तर नाही ना? माझ्या मसुद्यावर किती दिवसांत लिहून द्याल? आपल्याला शिक्षकांना असं विचारायची सवय नसते, उद्धटपणा वाटतो. इथं तो वाटत नाही. तू गंभीर आहेस एवढंच त्यांना कळतं. नाव मोठं असूनही महिनोन्महिने न भेटणाऱ्या प्राध्यापकांपेक्षा पंधरा दिवसांनी बसून तुझं पान वाचणारी तरुण व्याख्याती कितीतरी बरी. आणि हे सगळं अर्जाआधी. बहुतेक विद्यापीठांत पुढच्या वर्षाचे अर्ज ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास बंद होतात, आणि काही ठिकाणी मार्गदर्शकाची संमती आधीच लागते. तुझ्या विभागाची नेमकी तारीख आजच बघून घे.

वर्ष सुरू झालं की त्याची चाल अशी ठेव. मार्चअखेर प्रश्न पक्का. परवानगी लागणार असेल तर तिचा अर्ज त्याच सुमारास. मेपर्यंत या विषयावर आधी कोण काय म्हणून गेलं, त्याचं प्रकरण कच्चं का होईना, पण लिहिलेलं. जून ते ऑगस्ट निकाल वाचणं, वर्गवारी, विश्लेषण. सप्टेंबर पूर्ण लेखनाला. वाचून झालं की मग लिहू, असं म्हणू नकोस. वाचन कधीच संपत नाही. रोज थोडं लिही. प्रत्येक दाव्यापुढं तो कुठून आला ते तिथल्या तिथं टिप. आणि वाक्यं तुझी स्वतःची असू देत. यंत्राकडून लिहून घेतलेला परिच्छेद पकडला जातो की नाही हा मुद्दाच नाही. ज्या बाईच्या खटल्यावर तू लिहितेयस, तिचं म्हणणं निदान एका माणसानं तरी स्वतः बसून समजून घ्यायला हवं.

आता मनाचं. या वर्षात तू असं काही वाचशील जे डोक्यातून जाणार नाही. शिक्षा सुनावताना न्यायाधीश जे बोलतात त्यात घडलेलं सगळं तपशीलवार असतं. मुलांवरचे अत्याचार, बायकोचा खून, कोठडीतले शेवटचे तास. तू फक्त कागद वाचतेयस म्हणून तुला त्रास होणार नाही, असं कुणी म्हटलं तर मानू नकोस. अशी फाईल रात्री अंथरुणात वाचायची नाही. दिवसा वाच, जमल्यास ग्रंथालयात, आजूबाजूला माणसं असताना. सलग कितीही वेळ बसू नकोस, मध्ये उठून चालून ये. झोप बिघडली, चिडचिड वाढली, एकटं घरी जायची भीती वाटायला लागली, तर मार्गदर्शकाला सांग आणि विद्यापीठाच्या समुपदेशकाची वेळ घे. हे काम करणाऱ्या सगळ्यांना याची गरज पडते, वकिलांना, पोलिसांना, न्यायाधीशांनाही. मावशीला तपशील सांगू नकोस, ती तिकडं काळजीनं अर्धी होईल. पण ‘आज वाचलेलं जड होतं’ एवढं तरी सांग. आणि मला मात्र सगळं सांग, कुठल्याही वेळी.

गुणांची चिंता करणार आहेस, ते मला माहीत आहे. प्रथम श्रेणीसाठी प्रयत्न कर, पण या वर्षाचं मोजमाप त्यावर करू नकोस. भारतात २०२२ अखेर तुरुंगात असलेल्या चार माणसांपैकी तीन जणांचा गुन्हा अजून सिद्धच झालेला नव्हता. ते खटल्याची वाट बघत होते. इथंही पाचांतले सुमारे दोन खटल्याची किंवा शिक्षा ठरण्याची वाट बघत असतात. अशा वाक्यावर लोक हळहळतात आणि पान उलटतात. तिथं थांबून, ‘यातल्या या एका न्यायालयात, या दोन वर्षांत, जामीन कुणाला नाकारला आणि कोणत्या कारणानं’ असं विचारणारं माणूस लागतं. असे लहान प्रश्न चिकाटीनं विचारणारी माणसं नसतील, तर आयोग बसतात, शिफारशी छापल्या जातात आणि बत्तीस वर्षं तशाच पडून राहतात. असे प्रश्न विचारणारी तू हो, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

तेव्हा या आठवड्यात तीन कामं कर. काका-मावशींबरोबर खर्चाचा हिशेब मांड. दोन प्राध्यापकांचे लेख काढून वाच. आणि तुझा प्रश्न एका वाक्यात लिहून मला पाठव. वाक्य असं हवं की त्याचं उत्तर कुठल्या कागदात आहे, हे तुला बोट ठेवून दाखवता आलं पाहिजे. मी लगेच वाचते आणि लाल शाईनं परत पाठवते.